प्लॉट पाडण्याआधी पाण्याची वाट ठरवा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या बाजूंनी आला आहे. गाव लहान, पोट शेतीवर, गटारयोजना नाही, नळाचं पाणी तोकडं, आणि कडेच्या शेतांत वस्ती वाढू लागलेली. परवानग्यांचे नियम ठिकाणागणिक बदलतात, ते आपापल्या नगररचना कार्यालयात पाहावेत. उतार, माती आणि पाणी यांचं गणित मात्र सगळीकडे सारखंच असल्याने उत्तरांचा भर त्यावर आहे.

प्रश्न: गावाला लागून आमच्या भावंडांची सामाईक दोन हेक्टर जमीन आहे. ६० प्लॉटचा नकाशा काढून मिळाला आहे. पुढचं काम कुठून सुरू करावं?

तो नकाशा तूर्त बाजूला ठेवा आणि जमिनीच्या पातळ्या घ्या. दर दहा मीटरवर लेव्हल घेऊन अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढून घ्याव्यात. जमीन अगदीच सपाट असेल तर पाव मीटरच्या. मोजणी आपल्या बांधावर थांबवायची नाही. वरच्या अंगाला निदान पन्नास मीटर, आणि खालच्या अंगाला आपलं पाणी ज्या ओढ्याला मिळतं तिथपर्यंत ती जायला हवी. ओढ्याचा तळ, पुराची उंची आणि वाटेतल्या रस्त्याखालच्या मोरीचा तळ हे तीन आकडे हाती नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे ठरतं.

सगळ्या पातळ्या एकाच पक्क्या खुणेवरून घ्या आणि ती खूण नकाशावर दाखवा. रस्त्याच्या ठेकेदाराने एक खूण धरली आणि गटाराच्या ठेकेदाराने दुसरी, तर गटाराचं तोंड मोरीच्या तळाखाली निघतं. मग ते पाणी कायमचं तिथेच तुंबतं.

त्यानंतर चार-पाच ठिकाणी दोन मीटर खोल खड्डे घ्या. त्यातला एक सर्वांत खालच्या कोपऱ्यात हवाच. माती कुठे बदलते, मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो, ते लिहून ठेवा. खड्ड्याच्या बाजूला राखाडी मातीत तांबूस ठिपके दिसले तर पावसाळ्यात भूजल तिथपर्यंत चढतं असं समजावं, मग उन्हाळ्यात खड्डा कितीही कोरडा दिसो.

आता नकाशाकडे वळा. आधी पाण्याच्या नैसर्गिक वाटा मोकळ्या सोडा. मग सर्वांत खालचा कोपरा पाणी धरण्यासाठी आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी राखा. मग रस्ते, आणि उरलेल्या जागेत प्लॉट. बहुतेक नकाशे नेमके उलटे निघतात. खालचा कोपरा प्लॉट म्हणून विकला जातो आणि वरचा वेडावाकडा त्रिकोण ‘खुली जागा’ म्हणून दाखवला जातो. ती जागा पाण्याच्या काहीच उपयोगाची नसते आणि खालच्या प्लॉटवाल्याच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं.

दोन हेक्टरमध्ये हे बसतं. २०० चौरस मीटरचे ६० प्लॉट म्हणजे १२,००० चौरस मीटर. नऊ मीटर रुंदीचा ४५० मीटर रस्ता म्हणजे ४,०५० चौरस मीटर. उरतात ३,९५०. त्यात पाण्याची, सांडपाण्याची आणि मुलांच्या खेळण्याची सोय होते. प्लॉटचा रस्त्याकडचा दर्शनी भाग १२ मीटर ठेवला तर दोन्ही बाजूंच्या ६० प्लॉटना ३६० मीटर रस्ता पुरतो, कोपरे आणि जोडरस्ते धरून ४५०. तोच भाग २० मीटर केला तर नुसत्या प्लॉटसमोरच ६०० मीटर लागतो. प्रत्येक जादा मीटरमागे रस्ता, गटार, पाण्याची नळी आणि विजेची तार वाढते, आणि पुढची दुरुस्ती गावाच्या माथी येते. म्हणून अरुंद दर्शनी भाग आणि जास्त खोली असलेले प्लॉट लहान गावाला परवडतात.

प्रश्न: माझ्या शेताच्या वरच्या अंगाला प्लॉटिंग झालं. तेव्हापासून पावसाचं पाणी लोंढ्याने येतं आणि बांध फुटतो. प्लॉटवाले म्हणतात, पाऊस तर पूर्वीइतकाच पडतो. मी काय मांडावं?

पाऊस तेवढाच असेल, पण त्यातलं जमिनीत मुरणारं पाणी कमी झालं आणि उरलेलं लवकर खाली येऊ लागलं. हे आकड्यांत मांडता येतं. क्षेत्र हेक्टरमध्ये घ्या, पावसाचा जोर ताशी मिलिमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला अपधाव गुणांकाने (पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा हिस्सा) गुणा आणि ३६० ने भागा. उत्तर घनमीटर प्रति सेकंद येतं. मध्यम मातीच्या शेताचा गुणांक ०.३ धरला, तर दोन हेक्टरवर ताशी ६० मिमीचा पाऊस पडताना सेकंदाला १०० लिटर पाणी येतं. छपरं, फरशी आणि डांबर यांचा गुणांक ०.९ च्या आसपास असतो. दाट वस्तीचा सरासरी ०.६५ धरला तरी तेच पाणी २१७ लिटर होतं. प्रत्यक्षात ते याहूनही वाढतं. गटारातून पाणी लवकर पोचतं, त्यामुळे पावसाच्या थोडा वेळ टिकणाऱ्या पण जास्त जोराच्या सरीही हिशेबात धराव्या लागतात.

मागणी अशी करावी: वस्तीच्या खालच्या टोकाला पाणी काही काळ धरून ठेवणारं तळं हवं आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी पूर्वीच्या सेकंदाला १०० लिटरच्या वर जाता कामा नये. सेकंदाला जादा येणारे ११७ लिटर अर्धा तास धरून ठेवायचे तर साधारण २१० घनमीटर जागा लागते. सरासरी खोली ८० सेंटिमीटर ठेवली तर २६० ते २७० चौरस मीटर. हा ढोबळ हिशेब आहे, पक्कं आरेखन अभियंत्याने आपल्या भागातल्या पावसाच्या नोंदींवरून करायचं. पण ‘एवढी जागा कुठून आणू’ या तक्रारीला तो पुरेसा आहे, कारण दोन हेक्टरच्या दीड टक्क्याहूनही ती कमी भरते.

बाहेर पडण्याचं तोंड हाच या तळ्याचा जीव असतो. पाण्याची उंची ८० सेंटिमीटर असताना १०० लिटर सोडायला २३-२४ सेंटिमीटर व्यासाचं भोक पुरतं. ते कचऱ्याने बुजतं म्हणून लोक फोडून मोठं करतात, आणि त्या दिवसापासून तळं असून नसल्यासारखं होतं. तोंडापुढे तिरपी जाळी बसवून घ्या. भरावाच्या माथ्याखाली निदान ३० सेंटिमीटरवर दगडी सांडवा ठेवायला लावा, म्हणजे मोठ्या पावसात पाणी भरावावरून उसळणार नाही. गाळ कोण काढणार हेही लेखी हवं. सांडव्याचं पाणी तुमच्या शेतात पसरता कामा नये, ते चरातून ओढ्यापर्यंत गेलं पाहिजे.

प्रश्न: गटारयोजना नाही. प्रत्येक प्लॉटवर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा केला की प्रश्न मिटतो का?

मातीवर अवलंबून आहे, आणि ती माती तपासल्याशिवाय कुणीही हो म्हणू नये. पाझर चाचणी अशी करतात.

शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचं भोक घ्या. पहारीने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडा, सुटी माती काढा आणि तळाला पाच सेंटिमीटर बारीक खडी टाका. खडीवर ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि रात्रभर ते मुरू द्या. ही पायरी गाळली की चाचणी खोटी ठरते, कारण कोरडी चिकण माती सुरुवातीला भराभर पाणी पिते आणि फुगल्यावर तोंड मिटते. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवा आणि दर अर्ध्या तासाला किती उतरलं ते चार तास मोजा, मधे लागेल तसं पाणी भरत राहा. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. त्यावरून २.५ सेंटिमीटर पाणी उतरायला किती मिनिटं लागली ते काढा.

हा वेळ ३० मिनिटांच्या वर गेला तर शोषखड्डा नको, पसरट शोषचर घ्यावे लागतात. ६० च्या वर गेला तर ती जमीन सांडपाणी जिरवण्याच्या कामाचीच नाही. चाचणी दोन हेक्टरमध्ये एकदा करून भागत नाही. माती बदलेल तिथे प्रत्येक ठिकाणी ती करावी आणि शक्य तर पावसाळा संपता संपता करावी.

उदाहरण घेऊ. शेवटच्या अर्ध्या तासात तीन सेंटिमीटर पाणी उतरलं, म्हणजे २.५ सेंटिमीटरला २५ मिनिटं. एका चौरस मीटरमध्ये दिवसाला किती लिटर जिरेल, हे २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागून मिळतं. २५ चं वर्गमूळ ५, म्हणून जवळपास ४१ लिटर. पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे रोज ५४० लिटर. लागणारी जागा १३.२ चौरस मीटर. शोषखड्ड्याचा तळ लवकर चोंदतो, म्हणून फक्त येणाऱ्या नळीखालच्या बाजूच्या भिंती मोजायच्या. दीड मीटर व्यासाचा खड्डा नळीखाली २.८ मीटर खोल गेला की एवढी भिंत मिळते. त्याच्या तळाखालीही भर पावसाळ्यात निदान दीड-दोन मीटर कोरडी माती हवी, म्हणजे भूजल पाच मीटरच्या आत येता कामा नये. पहिल्या उत्तरातल्या दोन मीटरच्या खड्ड्यांतच भूजलाची खूण दिसली, तर तिथले प्लॉट या कसोटीला उतरत नाहीत.

सेप्टिक टँक मैला थोपवण्यासाठी असतो. पाच माणसांना दीड मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीचा टँक पुरतो. तो दोन-तीन वर्षांनी उपसलाच पाहिजे. ‘आमचा टँक दहा वर्षं भरला नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर एक तर त्याचा तळ कच्चा आहे किंवा गाळ शोषखड्ड्यात वाहून गेला आहे. गाळ एकदा खड्ड्याच्या मातीत शिरला की ती माती पुन्हा पाणी घेत नाही, नवा खड्डाच खणावा लागतो. म्हणून उपसणाऱ्या टँकरला टँकच्या जवळ पोचता येईल अशी जागा हवी, आणि उपसलेला गाळ कुठे नेणार हेही आधी ठरलेलं हवं. रात्री ओढ्यात रिकामा करणं ही व्यवस्था नव्हे.

आता पिण्याच्या पाण्याचा विचार करा. विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून ३० मीटर दूर ठेवण्याचा संकेत आहे, भेगाळ खडकात याहून जास्त. ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे २,८०० चौरस मीटर येतात, म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या नकाशाचे २०० चौरस मीटरचे १४ प्लॉट. प्रत्येक प्लॉटवर बोअर आणि प्रत्येक प्लॉटवर शोषखड्डा हे दोन्ही एकत्र बसतच नाही. शिवाय ६० घरांचं रोजचं ३२,४०० लिटर सांडपाणी दोन हेक्टरमध्ये जिरवणं म्हणजे वर्षभरात जवळपास ५९० मिलिमीटर जादा पाऊस पाडण्यासारखं आहे. भूजल वर येतं आणि त्यात नायट्रेट वाढतं, कारण सेप्टिक टँक नायट्रोजन फारसा अडवत नाही. म्हणून इतक्या लहान प्लॉटवर आमचा सल्ला स्पष्ट आहे: टँक घरोघरी असू द्या, पण टँकमधून निघणारं पाणी नळीने खालच्या कोपऱ्यात आणा आणि तिथे एकत्र शुद्ध करा.

प्रश्न: आमच्याकडे जमीन सपाट आहे. सांडपाण्याची नळी टाकली तर ती चालेल का?

साध्या मैलावाहिनीत पाणी सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहिलं पाहिजे, नाहीतर गाळ तळाला बसतो. त्यासाठी १५० मिमी नळीला शंभर मीटरमागे ६० सेंटिमीटर आणि २०० मिमीला ४० सेंटिमीटर उतार लागतो. सपाट जमिनीत २०० मिमीची नळी एक मीटर खोलीवर सुरू केली तर ४०० मीटरनंतर ती २.६ मीटर खाली गेलेली असते. तिथे पंप बसवावा लागतो, आणि वीज गेली की मैला चेंबरमधून रस्त्यावर येतो.

वर सांगितलेली पद्धत इथे उपयोगी पडते. गाळ घरच्या टँकमध्ये राहिला तर पुढे जातं ते बव्हंशी पाणीच. त्याला १०० मिमीची नळी आणि कमी उतार चालतो. अट एकच. एकाही घराने टँक टाळून संडासाची नळी थेट जोडता कामा नये आणि उपसा वेळेवर झाला पाहिजे. एका घराची चूक साऱ्या गल्लीची नळी बंद करते. उपशाची जबाबदारी घरमालकांवर सोडू नका, ती नगरपंचायतीने किंवा रहिवाशांच्या संस्थेने घ्यावी आणि प्रत्येक घराची तारीख नोंदवून ठेवावी.

प्रश्न: आमच्या बोअरला दोन इंची पाणी आहे. ६० घरांना पुरेल ना?

दोन इंची म्हणजे नळीचं माप झालं, त्यातून पाणी किती येतं ते त्यावरून कळत नाही. २०० लिटरचं पिंप ठेवा आणि घड्याळ लावा. १०० सेकंदांत भरलं तर सेकंदाला दोन लिटर. पण हे पहिल्या दहा मिनिटांचं पाणी झालं. भर उन्हाळ्यात सलग २४ तास पंप चालवून दर तासाला पाण्याची पातळी आणि पिंप भरण्याचा वेळ लिहा. पातळी एका ठिकाणी स्थिरावली तर तो उपसा विश्वासाचा, घसरतच राहिली तर नाही. याच वेळी शेजारच्या शेतांतल्या विहिरींची पातळीही मोजा. वस्तीच्या बोअरने शेताची विहीर आटवली तर ते भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

६० घरं, पाच माणसं, माणशी १३५ लिटर: रोजचे ४०,५०० लिटर. सेकंदाला एक लिटर देणारी खात्रीची बोअर बारा तासांत ४३,२०० लिटर देते. पुरतं, पण काठावर. पंप जळला की दुसऱ्या दिवशी हाल, म्हणून दुसरा उद्भव आणि निदान एका दिवसाचा साठा हवा.

नळीचा व्यास हा आणखी एक फसण्याचा मुद्दा. ६३ मिमी बाहेरच्या व्यासाच्या प्लास्टिक नळीतून सेकंदाला दोन लिटर नेले तर शंभर मीटरमागे दाब सुमारे दीड मीटरने उतरतो. ६०० मीटरवर नऊ मीटर जातो, म्हणजे दहा-बारा मीटर उंच टाकीचं पाणी शेवटच्या घरात जेमतेम टिपकतं. ९० मिमीची नळी घातली तर तोच तोटा दीड मीटरच्या आसपास राहतो. शेवटच्या घरांना पाणी कमी येऊ लागलं की तिथले लोक नळावर मोटर लावतात. मग पुरवठा नसताना फुटक्या जोडांमधून गटाराचं पाणी नळीत ओढलं जातं.

प्रश्न: नवा रस्ता वर्षभरात खचला. डांबर कमी टाकलं म्हणून का?

बहुधा नाही. रस्ता झाल्यावर पाण्यासाठी आडवा चर खणला असेल आणि माती तशीच लोटून वर खडी टाकली असेल. रस्ता करण्याआधीच प्रत्येक दोन प्लॉटमागे एक मोकळी नळी आडवी टाकून ठेवा, पुढे नळ किंवा तार तिच्यातून जाते. दुसरं कारण तुंबलेलं गटार. रस्त्याच्या पायात पाणी उभं राहिलं की वर कितीही डांबर असो, जड गाडीखाली तो दबतो. गटाराचा तळ रस्त्याच्या खडीच्या थरापेक्षा खाली हवा आणि त्याला दोनशे मीटरमागे निदान एक मीटर उतार हवा.

प्रश्न: घ्यायचा प्लॉट भराव टाकून उंच केला आहे. लगेच बांधकाम करता येईल?

भराव कसा टाकला ते विचारा. २०-२५ सेंटिमीटरचे थर, पाण्याची योग्य ओल आणि प्रत्येक थरावर रोलर असेल तर चिंता कमी. टिपरने ओतून वरून सपाट केलेला भराव उंचीच्या दहाव्या हिश्शापर्यंत बसू शकतो, दीड मीटरला १५ सेंटिमीटर. अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर आलं तर भिंतीला तिरपी चीर पडणारच. एक खड्डा खणून मूळ जमीन कुठे लागते ते पाहा आणि पाया तिथपर्यंत न्या. भरावात राडारोडा, मुळ्या किंवा काळी चिकण माती दिसली तर विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नका.

प्रश्न: मी नगरपंचायतीचा सदस्य आहे. गाव कोणत्या दिशेने वाढू द्यावं?

तीन नकाशे एकावर एक ठेवा: कसदार आणि बागायती जमीन, पुराची आणि पाणथळ जमीन, आणि आजची नळी-रस्ता-वीज जिथे पोचते ती हद्द. पहिल्या दोन्हींत न येणारी आणि तिसरीला लागून असलेली जमीन आधी घ्या. दूरवर एकटा प्लॉटिंगचा तुकडा मंजूर केला तर मधल्या प्रत्येक शेताच्या कडेने नळी न्यावी लागते. त्या नळीवर वाटेत एकही घर नसतं, पण गळती आणि देखभाल पूर्ण लांबीची असते.

शेतीची सोय मंजुरीतच लिहून घ्या. पाणंद बंद होता कामा नये. कापणी यंत्राचा पुढचा पट्टा चार-साडेचार मीटरचा असतो, म्हणून तिथे तीन मीटरची गल्ली सोडून भागत नाही. शेतातले पाट आणि जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या खोदकामाआधी शोधा. एक नळी तुटली तर वरची कित्येक शेतं पाणथळ होतात आणि कारण दोन पावसाळे सापडत नाही. वस्ती आणि शेत यांच्या मधे झाडांचा पट्टा ठेवायला लावा, फवारणी आणि धूळ यांवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच थांबतात. रस्ते करण्याआधी वरची १५-२० सेंटिमीटर सुपीक माती खरवडून वेगळी रचायला सांगा. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, आतली माती हवेअभावी मरते.

आणि काम टप्प्यांनी होऊ द्या. पहिल्या टप्प्याचं गटार, पाणी आणि तळं चालू झालेलं स्वतः पाहिल्यावरच दुसऱ्याला परवानगी द्या.

प्रश्न: ट्रान्सफॉर्मर प्रवेशाजवळ बसवणार आहेत. हरकत घ्यावी का?

घ्यावी. ६० घरं, प्रत्येकी तीन किलोवॅट आणि एकाच वेळी निम्मा वापर धरला तर भार ९० किलोवॅट. केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप, त्यातून प्रत्यक्ष किलोवॅट थोडे कमीच मिळतात. म्हणून १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर त्यातच पूर्ण भरतो, पाण्याचा पंप धरला तर त्याच्या वरचा घ्यावा लागेल. तो वस्तीच्या मध्यावर असला की तारेची लांबी निम्मी होते आणि प्रत्येक बाजूला भारही निम्माच जातो, त्यामुळे शेवटच्या घरापाशी व्होल्टेजची घट सुमारे चौथ्या हिश्शावर येते. जागा मात्र पुराच्या पातळीच्या वर असावी.